युरोपचा पाणी-कायदा पंचविशी ओलांडून गेला, नद्या अजून नापासच

पाणक्या (धागाकर्ता)

'तिकडे युरोपात नद्या कशा आरशासारख्या' हे वाक्य मराठी संस्थळांवर इतक्यांदा वाचलं की शेवटी धागा काढावाच लागला. मी नेदरलँड्समध्ये सांडपाणी प्रक्रियेच्या धंद्यात आहे. ज्या कायद्याबद्दल लिहितोय त्याच्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे त्याच्याशी वैर नाही. पण आरतीही ओवाळणार नाही.

आधी पार्श्वभूमी. डिसेंबर २००० मध्ये युरोपीय संघाचा 'वॉटर फ्रेमवर्क डायरेक्टिव्ह' लागू झाला. त्याआधी सुटे सुटे कायदे होते: १९९१ चा शहरी सांडपाण्याचा, त्याच वर्षीचा शेतीतल्या नायट्रेटचा, पिण्याच्या पाण्याचा वेगळाच. नव्या कायद्याने सांगितलं की पाण्याचा कारभार प्रांत आणि देशांच्या हद्दींनी करायचा नाही, खोऱ्याने करायचा. दर सहा वर्षांनी प्रत्येक खोऱ्याचा व्यवस्थापन आराखडा. त्यात नदी-तलावांचे लहान घटक पाडायचे, प्रत्येकाची अवस्था मोजायची, बिघाड कशामुळे ते शोधायचं, उपाय आणि खर्च लिहायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या. असे आराखडे २००९, २०१५ आणि २०२१ मध्ये आले. उद्दिष्ट होतं २०१५ पर्यंत सगळं पाणी 'चांगल्या' स्थितीत आणायचं. कारण दाखवून दोनदा मुदतवाढ घेता येते, म्हणजे शेवटची तारीख २०२७.

आता निकाल. युरोपीय पर्यावरण संस्थेचा २०२४ चा अहवाल म्हणतो की भूपृष्ठावरचं जेमतेम ३७ टक्के पाणी परिसंस्थेच्या दृष्टीने चांगलं आहे, आणि रासायनिक दृष्ट्या फक्त २९ टक्के. २०१८ च्या अहवालात हेच आकडे ४० आणि ३८ होते. जर्मनीसारख्या टापटिपीच्या देशात परिसंस्थेच्या निकषावर ९ टक्के. इंग्लंडने २०२० मध्ये जाहीर केलेले आकडे तर बघण्यासारखे: परिसंस्थेत १६ टक्के, रसायनात शून्य.

उद्दिष्ट चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, माझं भांडण यंत्रणेशी आहे. मासे, तळाचे किडे, पाणवनस्पती, शेवाळ या सगळ्यांची वेगवेगळी प्रतवारी होते आणि त्यांतला सर्वांत खालचा दर्जा तोच अख्ख्या घटकाचा दर्जा. एका विषयात नापास म्हणजे वर्षच नापास, एटीकेटी नाही. समजा एखाद्या जलमंडळाने (पाण्याचा कारभार बघणाऱ्या स्थानिक मंडळाने) कर वाढवून फॉस्फरस निम्म्यावर आणला, पण वरच्या बंधाऱ्यामुळे मासे चढत नाहीत. निकालपत्रावर काय बदललं? काहीच नाही. पुढच्या वर्षी त्या मंडळाच्या सदस्यांनी कर कोणत्या तोंडाने मागायचा?

आराखडे तर आता मुदतवाढीच्या नोंदवह्या झालेत. 'तांत्रिकदृष्ट्या अशक्य', 'खर्च अवाजवी', 'नैसर्गिक परिस्थिती' हे तीन शिक्के, पानोपानी.

आणि आराखडा करणाऱ्याच्या हातात तिजोरीही नाही, परवानाही नाही. जर्मनीत खोरी १०, राज्यं १६, आणि अधिकार राज्यांकडे. शेतीचं अनुदान म्हणजे संघाच्या अर्थसंकल्पाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, त्याचा निर्णय होतो कृषिमंत्र्यांच्या बैठकीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माझं मत: सर्वांत खालच्या दर्जावर एकच शेरा मारायची रीत सोडा, विषयवार प्रगती दाखवा, आणि आराखड्यात तेच उपाय लिहा ज्यांच्यापुढे पैसा आणि जबाबदार खात्याचं नाव आहे. बोला.

शेवाळ

लाइपझिगहून लिहितेय, गोड्या पाण्यातल्या जिवांवर काम करते. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

मासे, किडे, वनस्पती, शेवाळ हे चार वेगळे विषय नाहीतच. चौघे चार वेगळ्या दुखण्यांचे साक्षीदार आहेत. दगडावरचं सूक्ष्म शेवाळ (डायटम) सांगतं पाण्यात खत किती उतरलंय. किडे सांगतात ऑक्सिजन आहे का, तळ गाळाने बुजलाय का. मासे सांगतात वर-खाली जायला वाट आहे का. युरोपातल्या नद्यांवर किमान १२ लाख अडथळे आहेत. मोठी धरणं त्यांत थोडीच. बाकी पडक्या गिरण्यांचे बंधारे, मोऱ्या, पायऱ्या. तुमच्या उदाहरणातल्या बंधाऱ्यामुळे नदी खरोखरच मेलेली असताना फॉस्फरसची सरासरी काढून तिला पास करायचं? सरासरी काढली की सगळ्यांत आधी मासा गायब होतो, कारण बंधारा पाडणं राजकीयदृष्ट्या जड आणि फॉस्फरस काढणं त्या मानाने हलकं.

रसायनांच्या २९ टक्क्यांचं तर तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्यातला मोठा वाटा पारा आणि अग्निरोधकांतली ब्रोमीनयुक्त संयुगं यांचा. दोन्ही सर्वदूर पसरलेली आणि न विघटणारी. कोळसा जाळून हवेत गेलेला पारा जमिनीत, गाळात, माशाच्या मांसात उतरलाय. स्वीडन आणि जर्मनीतलं झाडून सगळं भूपृष्ठजल या एका कारणाने रासायनिक परीक्षेत नापास आहे, अगदी जंगलातलं निर्मनुष्य तळंसुद्धा. अशी सर्वव्यापी द्रव्यं बाजूला ठेवली तर साधारण ८० टक्के पाणी पास होतं. आणि ३८ वरून २९ का झालं? नद्यांत नवं विष ओतलं गेलं म्हणून नव्हे. मोजणी वाढली, मापदंड कडक झाले, पाण्याऐवजी माशाचं मांस तपासायला लागले. दोन अहवालांची अशी थेट तुलना करू नये.

चकटफू

म्हणजे ८० टक्के पास होते, पण गावभर निकाल लागला २९. धागाकर्ता दुसरं काय म्हणतोय?

शेवाळ

@चकटफू, पारा माशात नाही असं म्हणू का मग? ते मासे लोक खातात. स्वीडनमध्ये गरोदर बायकांना ठरावीक मासे टाळायला सांगतात ते काही निकालपत्र बिघडलंय म्हणून नाही.

काळाकोट

लंडनहून. वकिली पेशा, त्यामुळे जरा कलमं.

पाणक्याभाऊ, 'विषयवार बघा' ही तुमची मागणी न्यायालयाने दहा वर्षांपूर्वीच मान्य केलीय, आणि तुम्हाला नको असलेल्या कामासाठी. वेजर नदीचा खटला. ब्रेमरहाफनला मोठी कंटेनर जहाजं लागावीत म्हणून जर्मनीला नदी खोल करायची होती. पर्यावरणवादी संघटना कोर्टात गेली, प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे आला, निकाल १ जुलै २०१५ ला लागला. सरकारची बाजू साधारण अशी होती की ही उद्दिष्टं नियोजनापुरती आहेत, एकेका प्रकल्पाला ती बांधत नाहीत. न्यायालय म्हणालं, बांधतात. पाण्याची अवस्था खालावणार असेल तर परवानगी नाकारायची; सवलतीच्या कलमात बसत असेल तरच द्यायची.

आणि 'खालावणं' म्हणजे काय? एकूण दर्जा घसरायची गरज नाही. मासे, किडे, वनस्पती यांपैकी एकाही विषयाचा दर्जा एका पायरीने उतरला की पुरे. तो विषय आधीच तळाच्या पायरीवर असेल तर कसलीही घसरण चालणार नाही. एकूण शेऱ्यावरच बघत बसलो तर आधीच नापास असलेल्या नदीत काहीही ओतायला मोकळीक मिळाली असती, हे न्यायालयाला बरोबर दिसलं.

तेव्हा कडक निकालपत्र आणि विषयवार गुण दोन्ही कायद्यात आहेत. पहिलं सरकारला झोपू देत नाही, दुसरं बिल्डरला अडवतं.

पाणक्या

@काळाकोट, वेजर माहीत आहे, इथल्या प्रत्येक सल्लागाराच्या भिंतीवर तो निकाल लटकलेला असतो. पण त्याच न्यायालयाचा पुढच्याच वर्षीचा श्वार्त्से झुल्मचा निकालही सांगा की. ऑस्ट्रियात स्टायरियातली ही छोटी नदी, उत्तम दर्जाची. तिच्यावर जलविद्युत प्रकल्प. त्याने दर्जा उतरणार हे उघड. युरोपीय आयोग ऑस्ट्रियाविरुद्ध कोर्टात गेला आणि हरला. अपारंपरिक ऊर्जा हे सार्वजनिक हिताचं कारण ठरू शकतं आणि ते तोलायचा अधिकार स्थानिक यंत्रणेला आहे, असं ठरलं. वाघाला दात आहेत खरे, पण कुणाला चावायचं ते फाईल बघून ठरतं.

आणि माझा मूळ मुद्दा राहिलाच. घसरणीला विषयवार मोजता, तर सुधारणेलाही विषयवार मोजा. मंत्री पत्रकार परिषदेत एकच आकडा वाचतो.

शेवाळ

विषयवार आकडे प्रसिद्ध होतात, अगदी घटकागणिक. मंत्री वाचत नसेल तर कायदा काय करणार?

गोठ्यातून

आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ दुग्धव्यवसायात नोकरीला आहे. गेले तासभर वाचतोय, सगळे शेतकऱ्याकडे बोट दाखवणार याची वाट बघत होतो. पाणक्यांनी अनुदानाचा विषय काढलाच.

त्याचं असं आहे. १ एप्रिल २०१५ ला युरोपीय संघाने दुधाचा कोटा (दूध उत्पादनावरची मर्यादा) उठवला. त्याआधीच आयर्लंडच्या सरकारने २०२० पर्यंत दूध ५० टक्क्यांनी वाढवायचं धोरण छापून ठेवलं होतं. बँकांनी कर्जं दिली, लोकांनी गोठे बांधले, गाई वाढल्या. आणि त्याच २०१५ मध्ये त्याच संघाच्या दुसऱ्या कायद्याप्रमाणे सगळ्या नद्या चांगल्या व्हायच्या होत्या! आज इथलं निम्म्याहून किंचित जास्त भूपृष्ठजल चांगल्या स्थितीत आहे, म्हणजे तुमच्या जर्मनीपेक्षा कितीतरी बरं, तरी रोज पेपरात गाय आरोपी. कर्ज फेडणाऱ्याने कोणत्या खात्याचं ऐकायचं?

दुसरं, नियम सरसकट असतो. नायट्रेटच्या कायद्याने हेक्टरी १७० किलो सेंद्रिय नत्राची मर्यादा आहे. इथे खास परवानगीने काहींना २५० पर्यंत जाता आलं. पण जमीन जमिनीसारखी नसते. दक्षिणेकडच्या भुसभुशीत, निचऱ्याच्या मातीतून नायट्रेट खाली झिरपतं आणि नदीमुखाच्या खाडीत निघतं. चिकट, जड मातीत पाणी वरून वाहतं आणि फॉस्फरस नेतं. पहिल्या शेतात ओढ्याकाठी कुंपण घालून नायट्रेट थांबणार नाही. दुसऱ्यात त्याच कुंपणाने फरक पडतो.

एक सांगतो, आराखड्यांतली एकच गोष्ट मला पटली. २०१८ पासून दूध संघ आणि कृषी सल्ला संस्थेने मिळून प्राधान्याच्या ओढ्यांकाठी मोफत सल्लागार दिले. तो माणूस दंडाची पावती घेऊन येत नाही. शेतकऱ्याबरोबर बांधावरून चालतो, गोठ्याचं पाणी कुठून कुठे जातं ते बघतो आणि काय करायचं ते सांगतो. सल्ला मानायचा की नाही हे शेतकऱ्यावर. ब्रसेल्सच्या दोनशे पानांनी जे होत नाही ते असल्या फेरीत होतं.

शेवाळ

@गोठ्यातून, 'मानायचं की नाही शेतकऱ्यावर' इथेच घोडं पेंड खातं. १९९१ पासून नायट्रेटचा कायदा आहे. २०१८ मध्ये जर्मनीला युरोपीय न्यायालयाने तो नीट पाळला नाही म्हणून दोषी ठरवलं, तेव्हा कुठे इथले खतांचे नियम आवळले गेले. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडलं नाही. मातीचं म्हणाल तर १०० टक्के मान्य, म्हणूनच खोऱ्याचा आराखडा हवा. सरसकट नियम राष्ट्रीय असतो. ओढ्या-ओढ्याचा फरक आराखड्यातच लिहिता येतो.

मधुरा

ल्योंमधून. पाणक्यांचा 'तिजोरी नाही' हा मुद्दा फ्रान्सला लागू नाही, म्हणून लिहिते. इथे १९६४ च्या कायद्याने सहा जलसंस्था झाल्या, एकेक मोठं खोरं धरून. त्या स्वतः शुल्क गोळा करतात: जो पाणी उचलतो त्याच्याकडून, जो घाण करतो त्याच्याकडून. तोच पैसा त्याच खोऱ्यात प्रक्रिया केंद्रांना, नदी मोकळी करायला, शेतीतल्या बदलाला अनुदान म्हणून जातो. वर खोरे समिती असते, तिच्यात नगरपालिका, शेतकरी, कारखानदार, मच्छीमार, पर्यावरणवाले आणि सरकार बसतात आणि शुल्काचे दर तिथे ठरतात. भांडणं कडाक्याची होतात, पण ती तिथे होतात, कोर्टात कमी. २००० च्या कायद्याने खोऱ्याची कल्पना शोधली नाही, फ्रान्समध्ये ती आधीच छत्तीस वर्षं चालू होती. स्पेनमधल्या एब्रो खोऱ्याची संस्था तर १९२६ ची.

कायदा करणाऱ्यांनी खोरं घेतलं आणि तिजोरी घ्यायला विसरले.

चकटफू

@मधुरा, आणि तुमच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीचा किनारा? तिजोरी आहे, समिती आहे, तरी दर उन्हाळ्यात समुद्रकाठी हिरवं शेवाळ (ताई, तुम्ही नव्हे) साचून सडतं आणि त्यातून विषारी वायू सुटतो. डुकरं-कोंबड्यांच्या खताचं नायट्रेट. शेतकरी समितीत बसले की दर कोणाचा वाढेल आणि कोणाचा नाही, सांगायला ज्योतिषी नको.

मधुरा

खरं आहे. शेतकऱ्यांकडून येणारं शुल्क घरगुती ग्राहकाच्या मानाने किरकोळ आहे, ही जुनी ओरड आहे. शिवाय अलीकडे पॅरिसने या संस्थांच्या उत्पन्नावर कमाल मर्यादा घातलीय, वरचा पैसा सरकारजमा. पण तिजोरी अपुरी असणं आणि मुळात नसणं यात फरक आहे.

पोहणारा

खूप जड चर्चा चाललीय. एक बाळबोध प्रश्न: 'चांगल्या' नदीत मी पोहू शकतो का? पॅरिसमध्ये ऑलिंपिकसाठी सेन साफ केली, २०२५ च्या उन्हाळ्यात लोकांना पोहायला खुली केली. ती या कायद्याने का?

पाणक्या

@पोहणारा, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. आपण ज्या प्रतवारीवर भांडतोय तिच्यात मैल्यातले जिवाणू मोजतच नाहीत. पोहण्याच्या पाण्याचा कायदा निराळा, २००६ चा, आणि तो नेमलेल्या पोहण्याच्या जागांपुरता. म्हणजे 'चांगल्या' नदीत पोहून पोट बिघडू शकतं आणि 'वाईट' शेऱ्याच्या नदीत तुम्ही मजेत डुंबू शकता. सेनचं काम शहरी सांडपाण्याच्या कायद्याचं आणि ऑलिंपिकच्या इज्जतीचं. वादळी पावसाचं पाणी साठवायला भली मोठी टाकी बांधली, घरांच्या आणि होड्यांच्या चुकीच्या जोडण्या सुधारल्या. खर्च साधारण १४० कोटी युरो.

आणि हेच मला म्हणायचंय. युरोपातल्या ज्या नद्यांच्या सुधारणेच्या गोष्टी सांगतात त्या बहुतेक या कायद्याबाहेरच्या आहेत. ऱ्हाइन बघा. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ रसायनांचं गोदाम जळालं, आग विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, ईल माशांचा खच पडला. पुढच्याच वर्षी काठच्या देशांनी कृती कार्यक्रम केला. एम्शर बघा. जर्मनीतल्या रूरच्या कोळसापट्ट्यातली ही नदी शंभरावर वर्षं उघडं गटार होती, कारण खाणींमुळे जमीन खचायची आणि जमिनीखाली नळ टाकणं शक्य नव्हतं. खाणी बंद पडल्या, नव्वदच्या दशकात काम सुरू झालं, तीस वर्षं आणि साडेपाच अब्ज युरो लागले, २०२१ अखेर नदी सांडपाणीमुक्त. करणारी संस्था १८९९ ची, स्वतःची तिजोरी असलेली. आराखड्यांच्या जंजाळाशिवाय.

तिरकस

अवांतर: हा कायदा जिथे लिहिला गेला त्या ब्रसेल्स शहराचं सांडपाणी २००० पर्यंत प्रक्रियेविना सेन नदीत जात होतं (पॅरिसची नव्हे, ब्रसेल्सची स्वतःची सेन, एकोणिसाव्या शतकात शहराखाली गाडलेली). दुसरं, मोठं केंद्र सुरू झालं २००७ मध्ये. दिव्याखाली अंधार, बाकी काही नाही.

शेवाळ

पाणक्या, ऱ्हाइनच्या गोष्टीचा उत्तरार्ध तुम्ही गाळलात. विषाचे नळ बंद करणं सोपं होतं: कारखाने मोजके, पत्ते माहीत. मग साल्मन परत आणायचा ठरला. इफेझहाइमच्या बंधाऱ्यावर मत्स्यमार्ग झाला २००० मध्ये, गाम्पसहाइमला २००६ मध्ये. बाझलपर्यंत साल्मन २०२० पर्यंत पोहोचणार असं मंत्र्यांनी ठरवलं होतं. हुकलं. रसायनाच्या एका आकड्यावर ऱ्हाइन कधीच पास झाली असती आणि वरचे बंधारे कुणी विचारलेच नसते. साल्मनची आठवण नापासाच्या शेऱ्याने ठेवली.

आणि आराखडा कमजोर असला की काय होतं ते पोलंड-जर्मनी सीमेवरच्या ओडर नदीने २०२२ च्या उन्हाळ्यात दाखवलं. पोलंडमधल्या खाणींचं खारट पाणी, उष्णता, कमी प्रवाह. खाऱ्या पाण्यात वाढणारं सोनेरी शेवाळ गोड्या नदीत फोफावलं आणि त्याच्या विषाने साडेतीनशे टनांच्या आसपास मासे मेले. क्षार सोडण्याचे परवाने एकेकटे तपासले की प्रत्येक परवाना नियमातच बसतो. सगळ्यांची बेरीज कोण करणार? ती खोऱ्याच्या आराखड्यातच होऊ शकते, आणि तिथे झाली नाही.

पाणक्या

ओडरचा आराखडाही होता आणि आंतरराष्ट्रीय आयोगही होता. दोन्ही असून मासे मेले. तुम्ही याला 'आराखडा हवा' याचा पुरावा म्हणता, मी 'आराखड्याला परवान्यावर हक्क हवा' याचा. आपण बहुधा एकाच दगडावर दोन बाजूंनी डोकं आपटतोय.

काळाकोट

दोघांसाठी एक ताजं प्रकरण. यॉर्कशरमध्ये अप्पर कॉस्टा बेक नावाचा ओढा. तिथल्या मासेमारी मंडळाने मंत्र्याला कोर्टात खेचलं: खोऱ्याच्या आराखड्यात आमच्या ओढ्यासाठी नेमकं काय करणार ते लिहिलेलंच नाही, सगळं मोघम आहे. ब्रेक्झिटनंतरही हा कायदा इंग्लंडच्या नियमांतून चालूच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला, एप्रिल २०२५ मध्ये अपिलातही तो टिकला. सरकारचा बचाव असा की घटकागणिक उपाय लिहायचे तर प्रशासनाला ते झेपणार नाही. न्यायालयाचं म्हणणं, प्रत्येक घटकाचं उद्दिष्ट ठरवलंत तर ते कोणत्या उपायांनी गाठणार याचाही घटकागणिक विचार व्हायला हवा.

पाणक्या, 'जबाबदार खात्याचं नाव लिहा' ही तुमची मागणी एका गळ टाकणाऱ्या मंडळाने कोर्टातून मिळवली. आणि त्यांच्या हातात पुरावा कोणता होता? त्या ओढ्याचा नापासाचा शेरा. तुम्ही म्हणता तसं 'तीन विषयांत प्रगती समाधानकारक' असतं तर न्यायाधीशांनी चहा पाजून परत पाठवलं असतं.

चकटफू

हे मात्र जमलं. +१

खानदेशी

जळगावहून. एवढं सगळं वाचून राहवलं नाही. धागा युरोपचा आहे हे माहीत आहे, पण हे आराखड्याचं प्रकरण आमच्या तापीपर्यंत आलेलं आहे. २०१६ मध्ये भारत आणि युरोपीय संघाची पाणी-भागीदारी झाली आणि खोरे-आराखड्याच्या प्रयोगासाठी घेतलेल्या नद्यांत तापी होती. तापीचं खोरं ६५ हजार चौरस किलोमीटरचं, त्यातला सुमारे पाऊण हिस्सा महाराष्ट्रात, उरलेला मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये. पद्धत शिकण्यासारखी आहे, वाद नाही. पण इथे नदीच्या मागे कोण उभं आहे? १९५६ च्या नदी मंडळ कायद्याखाली आजवर एक मंडळ धड उभं राहिलं नाही. महाराष्ट्राने २००५ च्या जलनियमन कायद्यात 'नदी खोरे अभिकरण' हा शब्द आणला आणि ते पद दिलं पाटबंधारे विकास महामंडळांना. ज्याने धरण बांधायचं त्यानेच खोरं सांभाळायचं! केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे, त्यात महाराष्ट्राचे ५५, सर्वांत जास्त. आणि ती यादी मुख्यतः बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) या एकाच आकड्यावर. मासा, किडा, वनस्पती कुणी विचारत नाही.

तेव्हा पाणक्याभाऊ, नापास तर नापास, तुमच्याकडे परीक्षा तरी होते. इथे मासे मोजून कुणी नापास केलं तर आम्ही पेढे वाटू.

पाणक्या

@खानदेशी, तुमचा मुद्दा मला जास्त टोचला. पण तिथे हा नमुना नेणाऱ्यांना एवढंच सांगा: प्रतवारीचं तक्ताकोष्टक आधी नेऊ नका. आधी मधुराताईंची तिजोरी न्या.

शेवाळ

आणि मी म्हणेन आधी मासे मोजा. मोजल्याशिवाय तिजोरीतला पैसा कुठे ओतणार? मग तोही घाटांवरच्या फरशीत जायचा.

गोठ्यातून

एक शंका. २०२७ नंतर काय? इथे गावात कुणाला धड सांगता येत नाही. एक म्हणतो दंड, एक म्हणतो नवीन तारीख.

काळाकोट

कायद्यात तरी सरळ लिहिलंय. दोन मुदतवाढींनंतर 'अशक्य' आणि 'महाग' ही कारणं देऊन तारीख पुढे ढकलता येत नाही. फक्त 'नैसर्गिक परिस्थिती' उरते: उपाय सगळे केलेत, पण निसर्गाला वेळ लागतोय. दुसरी पळवाट म्हणजे त्या घटकाचं उद्दिष्टच कायमचं खाली आणायचं, पण त्यासाठी दुसरा परवडणारा मार्ग नव्हता हे सिद्ध करावं लागतं. युरोपीय आयोगाने २०१९ मध्ये या कायद्याचा आढावा घेतला तेव्हा निष्कर्ष असा निघाला की कायदा ठीक आहे. घोळ पैशाचा, संथ अंमलबजावणीचा आणि इतर धोरणांशी न जुळण्याचा आहे. त्यामुळे तारीख सरसकट हलवायला आधार कमी.

शेवाळ

आणि 'नैसर्गिक' खरंच असतं. भूजलात उतरलेलं नायट्रेट बाहेर पडायला कुठे दहा वर्षं लागतात, कुठे चाळीस. आज खत थांबवलं तरी नातवंडांच्या विहिरीत ते दिसणार. पाऱ्याचंही तेच. मात्र हे कारण त्यालाच मिळावं ज्याने नळ बंद केलाय.

पाणक्या

इथेच धाकधूक आहे. नळ चालू ठेवून 'निसर्गाला वेळ लागतोय' असं लिहिणारे आराखडे मी रोज बघतो. आमच्याकडे बहुतेक सगळी पाण्याची अंगं कृत्रिम किंवा माणसाने पार बदललेली, त्यामुळे त्यांना आधीच वेगळं, सौम्य माप लागतं, तरी सगळ्या निकषांवर पास होणारी फारच थोडी. कालव्यांच्या देशात 'नैसर्गिक परिस्थिती'!

पुढचे आराखडे डिसेंबर २०२७ चे. कायद्याप्रमाणे मसुदा वर्षभर आधी खुला करावा लागतो आणि हरकतींना सहा महिने द्यावे लागतात. माझ्या भागातल्या मसुद्यावर मी हरकत घालणार आहे: जिथे जिथे 'नैसर्गिक' लिहिलंय तिथे उपाय कोणत्या वर्षी पुरा झाला आणि पैसे कोणी दिले ते छापा. आणि शेवटी एकाच शेऱ्याऐवजी विषयवार तक्ता पहिल्या पानावर घ्या.

शेवाळ

पहिल्या भागावर माझीही सही धरा. दुसऱ्यावर मी उलटी हरकत पाठवणार, तक्ता दुसऱ्या पानावर.

काळाकोट

दोघांनीही पोच घ्या आणि जपून ठेवा. यॉर्कशरच्या मंडळाला ती कामी आली.